कापावे की वळवावे?

गेल्या महिन्यात आमचे धाकटे बंधू हैदराबादेहून तपासणी करून कमठाण्यास परतले. ओसरीवर बसून त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवले व म्हणाले, "अण्णा, डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या आहेत. कोणती धरू, ते तुम्हीच सांगा." त्यांचे वय ४६, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. मधुमेह आठ वर्षांचा. शिवाय रात्री छातीत जळजळ होऊन उठून बसावे लागते.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. गेली वीस वर्षे आम्ही त्यांना "जिभेला आवर घाल" एवढेच सांगत आलो, तेही भर पंगतीत. ते बिचारे भाकरी अर्धी करीत, दहा किलो उतरवीत आणि वर्षभरात बारा किलो परत मिळवीत. वजन घटू लागले की शरीरच भूक वाढवते व आपला खर्च आखडता घेते, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. दोष केवळ जिभेचा नव्हता. आमचा उपदेश मात्र केवळ जिभेलाच होता.

वजनासाठी शस्त्रक्रिया ही कल्पना आता नवी नाही. जठराचा भाग काढलेले व्रणाचे रोगी पुढे सडपातळच राहतात, हे पाहून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासचा मार्ग काढला. आपल्याकडे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांतून या विषयाची बरीच चर्चा झाली होती.

बंधूंपुढील पहिली वाट 'स्लीव्ह'ची. हीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. भूक चाळविणारा एक स्राव त्यामुळे घटतो. आतड्यास हात लागत नाही. परंतु कापलेले जठर परत येत नाही. दुसरी वाट 'बायपास'ची. हीत जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात. अन्न उरलेले जठर व आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. जठरास लावण्याचा पट्टा ही तिसरी रीत एके काळी फार चालली. आता ती मागे पडली आहे.

बंधूंचा ओढा स्लीव्हकडे होता. शस्त्रक्रिया सोपी, आणि ओळखीच्या एका गृहस्थांना तिचा गुण आलेला. पण दुसऱ्याचा अंगरखा आपल्या अंगास येईलच असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात २१७ रुग्णांची पाच वर्षे पाहणी झाली. वजन घटण्यात दोहोंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मात्र छातीतील जळजळ स्लीव्हनंतर सुमारे ३२ टक्के रुग्णांत वाढली, तर बायपासनंतर ६ टक्क्यांत. ज्यांना ती आधीपासून होती, त्यांपैकी बायपासने ६० टक्के मुक्त झाले, स्लीव्हने २५ टक्के. बंधूंच्या बाबतीत पारडे येथेच झुकले. जुन्या मधुमेहासही बायपासचा गुण बहुधा अधिक येतो.

तथापि बायपासची फी पुढे जन्मभर भरावी लागते. लोह, कॅल्शियम, ब-१२ यांच्या गोळ्या व रक्ततपासणी कधी सुटत नाही. गोडधोड अधिक झाले की घाम, धडधड व जुलाब होऊ शकतात. अंगदुखीच्या अनेक गोळ्या वर्ज्य होतात, आणि धूम्रपान करणाऱ्यास जोडाच्या जागी व्रण होण्याचे भय असते. स्लीव्हलाही पथ्य व तपासणी आहेच. पण बंधूंना बिडीचे व्यसन असल्याने हा मुद्दा आम्ही त्यांना दोनदा वाचून दाखविला.

खर्चाचाही विचार हवा. विम्याच्या प्रमाण नियमांनुसार वजनास उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा ४० असावा लागतो, किंवा ३५ असून अनावर मधुमेहासारखा गंभीर विकार असावा लागतो. बंधूंचा आकडा ४३ आहे.

आमच्या मातोश्रींनी सारे ऐकून विचारले, "देवाने दिलेले पोट कापायचे, ही कसली रीत रे बाबा?" त्यावर बंधू म्हणाले, "आई, त्यानेच दिलेले गुडघे आता मला उचलीत नाहीत." मातोश्री काही बोलल्या नाहीत, त्यांनी केवळ दिवस कोणता ठरला, एवढे विचारले.

बंधूंनी बायपास पत्करला आहे. त्यापूर्वी बिडी सुटली पाहिजे, अशी डॉक्टरांची अट आहे. आज एकविसावा दिवस. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर 'शेजाऱ्याने कोणती केली?' हा प्रश्न बाजूस ठेवावा. आपल्याला आधीपासून कोणते विकार आहेत, आणि पुढची वीस वर्षे आपण कोणते पथ्य खरोखर पाळू, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी पंगतीत उपदेश करू नये. हा शेवटचा धडा आम्ही स्वतःच उशिरा शिकलो आहोत.