पापणी जड झाली तर

आमचे मामा अलीकडे हनुवटी वर करून बोलू लागले होते. बांधावरून चालताना एका बोटाने पापणी उचलून धरत. पोथी वाचायची तर कपाळ दुखेपर्यंत भुवया ताणत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. मोतीबिंदू नव्हता. वयोमानाने वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरली होती. जादा कातडी काढली की नीट दिसेल, असे डॉक्टर म्हणाले.

घरी कुजबुज झाली. मामी म्हणाल्या, "अहो, या वयात कुणाला रूप दाखवायचंय?" मामा म्हणाले, "रूप नको गं, विहिरीचा काठ दिसला म्हणजे झालं."

पुष्कळ लोक ही शस्त्रक्रिया रूपासाठी करून घेतात, म्हणून तिला नटवेपणा समजतात. पण नजर अडत असेल तर ती गरजच. पापणीपुरती भूल देतात, छेद पापणीच्या घडीत घेतात, त्यामुळे व्रण झाकून जातो. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. टाके साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात. सूज आणि काळेनिळेपणा ओसरायला दोनेक आठवडे लागतात.

खरी परीक्षा घरी आल्यावर. पहिले दोन दिवस स्वच्छ फडक्यातून थंड शेक द्यावा, उशी उंच घ्यावी. डॉक्टर सांगतील तोवर खाली वाकणे, घागर किंवा वैरणीचा भारा उचलणे बंद. गोठा, धूळ, चुलीचा धूर यांपासून लांब राहावे. डोळा चोळू नये. काजळ, हळद, तूप काही लावू नये. दिलेले मलम तेवढे लावावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर आधीच सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये. डोळा ठणकून सूज भराभर वाढली किंवा अंधुक दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

मामा परवा दोन्ही हात मोकळे सोडून बांधावरून आले. मामींनी पाहिले, बोलल्या काही नाहीत.

मामांची पापणी काही वर्षांत हळूहळू उतरली, म्हणून सवडीने जाता आले. एकाएकी उतरली तर गोष्ट वेगळी. सोबत एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे असेल तर लगेच निघावे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागल्या, गिळता येईना, तर मण्यार चावलेला असू शकतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट सर्पदंशाची लस मिळेल त्या दवाखान्यात न्या. तान्ह्या बाळाची पापणी जन्मतः बुबुळ झाकत असेल तर तेही लवकर दाखवा. नाहीतर तो डोळा पाहायला शिकतच नाही.

हळू उतरली तर सवडीने, एकाएकी उतरली तर धावत. एवढे घरात सर्वांना सांगून ठेवा.