परक्या घरातील अग्नी

भाद्रपद जवळ आला की आमच्यासारख्यांस विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. स्थापनेचा मुहूर्त, गौरींचे आवाहन, अशौचात गणपती बसवावा की नाही. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरातील मुलगा वा मुलगी विद्यार्थी-विनिमय योजनेतून दहा महिन्यांसाठी अमेरिकेस निघालेली असते. वय पंधरा-सोळा. तिकडील शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात भरतात, म्हणून प्रस्थान नेमके गणपतीच्या तोंडावर. आणि मातापिता विचारतात, ‘‘बुवा, परक्या घरात राहून मुलाचा धर्म टिकेल ना?’’

प्रश्न उलट बाजूने विचारावा, असे आमचे मत आहे. त्या घरात राहण्याचा जो धर्म, तो आपले मूल पाळील ना, ही चिंता आधी करावी.

बौधायनाने समुद्रयानाची गणना पातकांत केली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच बौधायनाने तो उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नोंदविला आहे, हेही ठाऊक आहे. तो वाद आपल्या पणजोबांच्या पिढीने घालून झाला. आज त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही.

या योजनांचे स्वरूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. महायुद्धांत रणभूमीवरील जखमी वाहून नेणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’च्या स्वयंसेवकांनी १९४७ साली शाळकरी मुलांचा विनिमय आरंभिला. परस्परांच्या घरी राहून वाढलेली मुले उद्या परस्परांवर शस्त्र धरण्यास सहजी धजणार नाहीत, ही त्यामागील आशा. रोटरीची योजना आहे. २००२ साली अमेरिकी सरकारने केनेडी-लुगार शिष्यवृत्ती सुरू केली, तिच्यातूनही भारतातील मुले गेली आहेत. या सर्वांत मूल एका कुटुंबात राहते आणि त्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळत नाही. हे वसतिगृह नव्हे, खाणावळही नव्हे. आपल्या परंपरेत याला जवळचा शब्द एकच आहे : अंतेवासी.

सत्यकाम जाबालाचे आख्यान कीर्तनात पुष्कळजण लावतात. त्याच सत्यकामाच्या शिष्याची, उपकोसलाची कथा मात्र क्वचित कानी पडते. ती छांदोग्यात आहे. उपकोसल बारा वर्षे गुरुगृही राहिला, तेथील अग्नींची त्याने सेवा केली. आचार्यांनी इतर शिष्यांचे समावर्तन करून त्यांस घरी धाडले. याला तेवढे ठेवून घेतले आणि स्वतः प्रवासास निघून गेले. मुलगा खचला. त्याने अन्न सोडले. आचार्यपत्नीने विचारले, बाळा, जेवत का नाहीस? तो म्हणाला, मनात नाना इच्छा दाटल्या आहेत, व्याधींनी भरून गेलो आहे, जेवणार नाही. भाष्यकार काहीही म्हणोत, आम्हांस येथे घरच्या आठवणीने ताटावरून उठणारे पोरच दिसते! पुढे काय झाले? आचार्य परतले नव्हते. घरूनही कोणी धावून आले नाही. ज्या अग्नींची त्याने निगा राखली होती तेच आपसांत म्हणाले, याने आपली सेवा नीट केली आहे, याला आपण सांगू. आणि त्यांनी त्याला ब्रह्मविद्येचा उपदेश केला. परके घर त्याच्याशी बोलू लागले ते त्या घरचे काम त्याने केले होते म्हणून.

अमेरिकन घरात अग्निहोत्र नाही. पण भांडी धुण्याच्या यंत्रातील भांडी काढून जागच्या जागी लावणे, ठरल्या दिवशी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, कुत्र्याला फिरवून आणणे, ह्याच तेथील समिधा. आपल्याकडील सुखवस्तू घरांतील मुलगे या बाबतीत पुरते अडाणी असतात. आईने त्यांस कधी ताट उचलू दिलेले नसते. असा मुलगा जेवून, हात धुऊन खोलीत गेला की यजमानीण त्याला उद्धट समजते, आणि त्यात तिची चूक नाही.

पंगतीचा शिष्टाचारही उलटा. आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको’ म्हणणे ही सभ्यता. वाढणारा आणखी दोनदा आग्रह करणार, हे गृहीतच. तिकडे ‘नको’ म्हणजे नको. एकदा म्हटले की भांडे पुढे सरकते आणि संकोची मूल अर्धपोटी उठते. आभारांचेही तसेच. आपण आईचे आभार मानीत नाही. मानले तर ती रागावेल. तिकडे मीठ पुढे केले तरी आभार मानतात, आणि न मानणारा रुसला असे समजतात. हा देशाचार आहे. तो जाण्यापूर्वी महिनाभर घरी गिरवून घ्यावा.

आहाराविषयी छांदोग्यातील उषस्ती चाक्रायण आम्हांस प्रमाण वाटतो. दुष्काळात त्याने माहुताचे उष्टे कुल्माष खाल्ले, पण पाणी नाकारले. ते खाल्ल्यावाचून जगलो नसतो, पाणी मात्र हवे तेथे मिळते, असा त्याचा न्याय. तोच येथे लावावा. अमेरिकेत दूध, पाव, शेंगा, फळे विपुल आहेत, तेव्हा मांस खाण्याचे कारण नाही. शाकाहार अर्जातच स्पष्ट लिहावा. वेगळी चूल आणि वेगळी भांडी मात्र परक्या गृहिणीजवळ मागू नयेत. यजमान रविवारी प्रार्थनामंदिरात जात असतील आणि त्यांनी बोलावले, तर शांत बसून यावे. नसेल जायचे तर नम्रपणे तसे सांगावे.

या वाटेवरून आपली एक मुलगी फार पूर्वी गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी अमेरिकेस पोहोचली ती न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी. त्या घरची ती मुलगीच झाली. लुगडे सुटले नाही, शाकाहार सुटला नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला ती डॉक्टर झाली. तिला परक्या घराने जपले. जाच झाला तो स्वदेशातून गोपाळराव जी कठोर, संशयी पत्रे धाडीत त्यांचा. १८८७ मध्ये ती निवर्तल्यावर तिची रक्षा त्याच गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली, आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

आज पत्रांची जागा दूरध्वनीवरील चित्राने घेतली आहे आणि जाच प्रेमाच्या रूपाने होतो. आमच्या परिचयाच्या एका घरी दहाही दिवस सायंआरतीला मुलीने समोर दिसलेच पाहिजे, असा आजीबाईंचा हट्ट. आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्या दिवसांत सकाळचे दहा असतात. मुलगी वर्गात असते. ती बिचारी तास चुकवून शाळेच्या स्वच्छतागृहातून आरती पाहू लागली. शिक्षकांनी हटकले, तेव्हा काय सांगावे हे तिला सुचेना. यात गजाननाचे काय साधले, ते आम्हांस कळलेले नाही.

तिने तिकडेच मूठभर मातीचा पार्थिव गणपती करावा, यजमानांच्या लहान मुलांना कालवायला बसवावे, बादलीत विसर्जन करावे. दक्षिणेकडील राज्यांत अंगणातील हिरवळीला जे ‘बर्म्युडा’ गवत लावतात ती आपली दूर्वाच आहे. आणि आजीबाईंनी रविवारच्या आरतीची वाट पाहावी. त्या दिवशी तिकडे शाळेला सुट्टी असते.