कार्बन मोनॉक्साइडचे गणित नेमके कुठे चुकते?

बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचा गुदमरून मृत्यू, ही बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते. त्यामागे असतो कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळाले की हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. मोकळ्या हवेत तो विरळ होतो, तेव्हा जीव घेत नाही. पण म्हणून त्याच्याकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

‘नासा’च्या टेरा उपग्रहावरील मॉपिट या उपकरणाने २००० पासून हा वायू जगभर मोजला. संगणकीय मॉडेल मात्र या मोजणीशी पुरते जुळत नाहीत. हिवाळा सरताना उत्तर गोलार्धात मॉडेलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. एखाद्या मॉडेलची ही चूक नाही, बहुतेकांचे रडगाणे हेच आहे.

याचे कारण, समीकरण एक आणि अज्ञात दोन. हवेत वायू गेला किती आणि नष्ट झाला किती? तो नष्ट करतो हायड्रॉक्सिल. उन्हाच्या मदतीने तयार होणारा हा घटक जेमतेम सेकंदभर टिकतो, त्यामुळे जगभर थेट मोजताच येत नाही. कार्बन मोनॉक्साइड मात्र सरासरी एक-दोन महिने हवेत राहतो. त्यातच मिथेनचाही फडशा हायड्रॉक्सिलच पाडतो. ते कार्बन मोनॉक्साइडवर खर्ची पडले की मिथेन जास्त काळ टिकतो आणि तापमानवाढीत भर पडते. म्हणजे इथली चूक हवामानबदलाच्या हिशेबातही शिरते.

हायड्रॉक्सिल हाती लागत नाही हे मान्य. पण दुसरा अज्ञात, म्हणजे उत्सर्जन, मोजायला कोणी अडवले आहे? वाहनांची निदान नोंदणी तरी होते. गावातली चूल, नाक्यावर पेटवलेला कचरा, शेकोटी यांचा आकडा अंदाजानेच भरला जातो. २०२० च्या टाळेबंदीत भारतीय शहरांवरचा नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्याने घटला. कार्बन मोनॉक्साइड तेवढा घटला नाही. गाड्या थांबल्या, पण चुली पेटतच होत्या, आणि आधीचा वायूही हवेत शिल्लक होता.

मोबाइलवर दिसणारा उद्याच्या हवेचा अंदाज अशाच मॉडेलमधून येतो. जवळ मापन केंद्र नसेल, तर कित्येकदा आजचा आकडाही. आठ तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. ती गावात पाळली जाते का, हे सांगणार कोण? हवा सतत मोजणारी बहुतेक केंद्रे शहरांतच आहेत. पुढचे केंद्र महानगरात आणखी एका चौकात बसवण्याऐवजी तालुक्याच्या गावी न्यायला हवे.