औषधाच्या नावातली शेवटची तीन अक्षरं

दम्याचे माझे एक जुने पेशंट, निवृत्त मास्तर, गेल्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा धाप लागली म्हणून आले. पंप नियमित चालू होता, तो ओढण्याची पद्धत बरोबर होती, ताप-खोकला नव्हता, घरात रंगकामही निघालेलं नव्हतं. ‘आणखी कुठलं औषध चालू आहे का?’ असं मी आधी दोन्ही वेळा विचारलं होतं आणि उत्तर ‘नाही’ आलं होतं. या वेळी त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, ‘काचबिंदूचे थेंब तेवढे टाकतात रात्री. पण ते काही औषध नव्हे.’

बाटली मागवली. करंगळीएवढी बाटली, त्यावर मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत लिहिलेलं: टिमोलॉल.

हे नाव इंग्रजीत एल-ओ-एल या तीन अक्षरांनी संपतं. तुमच्या नातवाच्या फोनवर ही अक्षरं हसण्यासाठी वापरतात. दमेकऱ्याने मात्र ती दिसली की थांबायचं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही सगळी याच घराण्यातली. रक्तदाब, हृदयविकार, अर्धशिशी, हातांचा कंप अशा वेगवेगळ्या कारणांसाठी ती दिली जातात आणि फार चांगली औषधं आहेत. पण श्वासनलिका सैल ठेवणारा जो संदेश शरीर पाठवतं, तोच ती कमीअधिक प्रमाणात अडवतात. म्हणून दमा असलेल्याला ती त्रास देऊ शकतात.

‘डोळ्यातल्या थेंबाने छाती कशी भरेल?’ मास्तरांनीही हेच विचारलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. म्हणून तर रडताना नाक वाहतं. थेंब त्याच वाटेने नाकात जातो आणि तिथून थेट रक्तात शोषला जातो. गोळी आधी यकृतातून जाते, तिथे तिचा काही भाग निकामी होतो. थेंबाला ही चाळणी लागत नाही. (कुठलाही थेंब टाकल्यावर डोळा मिटून आतला कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरला, तर रक्तात कमी जातो. हे ज्याला त्याला सांगा.) नेत्रतज्ज्ञांना फोन केला. त्यांना दम्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी थेंब बदलून दिले आणि मास्तरांचा श्वास मोकळा झाला. चूक माझीही होती. ‘औषध’ म्हटलं की लोकांना गोळी आणि इंजेक्शनच आठवतं, हे इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला ठाऊक असायला हवं होतं.

मुलं शब्दकोडी सोडवताना ‘अमुक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द शोधा’ असा खेळ खेळतात. माझं म्हणणं असं, की तुम्ही हा खेळ घरच्या औषधांच्या डब्यासमोर बसून एकदा खेळा. इंग्रजी यायला हवं असं नाही, अक्षरं ओळखता आली की पुरे. औषधांच्या मूळ नावांचे हे शेपटीचे तुकडे मुद्दाम ठरवलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा नावांची पहिली यादी 1953 साली काढली. कंपनीचं नाव दुकानागणिक बदलतं, शेपटी बदलत नाही.

शेवटी ‘सार्टन’ असलेली दोन पाकिटं सापडली, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं आणि एक हॉस्पिटलमधून घरी सोडताना दिलेलं, तर बहुधा एकाच जातीचं औषध दोनदा पोटात जातंय. एकावर ‘सार्टन’ आणि दुसऱ्यावर ‘प्रिल’ असेल तरीही विचारा, कारण ही जोडी सहसा एकत्र देत नाहीत. पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. महिनोन् महिने कोरडा खोकला हटत नसेल तरी ‘प्रिल’ शोधा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ‘सिलिन’.

आता अडचणी. मोठ्या अक्षरातलं नाव बहुतेकदा कंपनीचं असतं, शोधायचं ते त्याच्या खालचं किंवा पाकिटाच्या मागचं. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांत नावापुढे नुसतं ‘ए-टी’ असतं, तो बऱ्याचदा ॲटेनोलॉल असतो. आणि दुकानदार पट्टी कापून देतो तेव्हा नेमकं नावच त्याच्याकडे राहतं. चार गोळ्या घेतल्यात तरी नावाची बाजू मागून घ्या, नाहीतर अख्ख्या पट्टीचा फोटो काढा.

माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. पेशंट अर्धवट वाचतात आणि गोळ्या बंद करतात, असं ते म्हणतात. भीती खरी आहे. एल-ओ-एलवाली गोळी अचानक बंद केली तर छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. शिवाय हृदयाच्या गरजेपोटी दमेकऱ्यालाही यातली एखादी सौम्य गोळी जाणूनबुजून दिलेली असू शकते. म्हणून अक्षरं सापडली की गोळी चालूच ठेवायची आणि फोन करायचा. पण या भीतीपोटी पेशंटला अडाणी ठेवणं मला मान्य नाही. आपणच चिठ्ठीवर मूळ नाव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, तर निम्मा घोळ तिथेच मिटेल. 2016 सालापासून डॉक्टरांच्या आचारसंहितेतही तसं लिहिलेलं आहे. किती जण पाळतात, ते तुमच्या हातातली चिठ्ठी बघून तुम्हीच ठरवा.

मास्तर आता भिंग घेऊन बसतात. मागच्या आठवड्यात पत्नीच्या दोन औषधांवर लाल पेनने गोल करून आणले. कोलेस्टेरॉलची रोझुव्हास्टॅटिन आणि तोंड आलं होतं म्हणून दिलेलं निस्टॅटिन. ‘दोन्हीकडे स्टॅटिन. डबल झालं का?’ नाही झालं. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध, न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत सापडलं म्हणून ते नाव, कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध नाही. अक्षरं अशी कधीकधी फसवतात. मास्तर जरा हिरमुसले. मी त्यांना पत्नीच्या बाकीच्या गोळ्याही पुढच्या वेळी आणायला सांगितल्या आहेत.