तेल वगळले म्हणजे पथ्य झाले काय?

अलीकडे चिकित्सालयात रुग्ण एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. एअर फ्रायरमध्ये केलेली गाजरे जेवणात तोंडीलावणे म्हणून चालतील ना? तेल तर त्यात जवळजवळ नसतेच! यावर आपल्या व्यवसायबंधूंकडून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. काही जण यंत्र म्हणून सरसकट निषेध करतात, तर काही तेल नाही एवढ्यावरून ते पथ्यात बसवितात. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे विचार टाळणारी आहेत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील 'करण' म्हणजे संस्कार, ज्यामुळे द्रव्याचे गुण पालटतात. फिलिप्सने २०१० साली बाजारात आणलेल्या या उपकरणाच्या नावात तळणे असले, तरी त्यात पंखा तप्त हवा वेगाने फिरवितो. सुमारे १८० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटांत गाजरातील पाणी बरेच आटते. हे तळणे नव्हे, भाजणे होय. त्याने द्रव्य लघु होते, तसेच रूक्षही होते.

म्हणून उपयोक्ता पाहिल्याविना निर्णय देता येत नाही. स्थूल, कफप्रधान रुग्णास भज्यांऐवजी अशी गाजरे मिळाली तर ते हितकरच होय. परंतु वातप्रकृतीच्या, मलावष्टंभाने त्रस्त किंवा वृद्ध रुग्णाने हेच रोज खाल्ले, तर आपण औषधाने जे साधू पाहतो त्याच्या विरुद्ध त्याचा आहार चालेल.

येथे परंपरा व आधुनिक पोषणशास्त्र यांचे एकमत आहे. गाजरातील बीटा कॅरोटीन स्नेहात विरघळते. सोबत थोडा स्नेह असल्यास त्याचे शोषण चांगले होते. आपल्या घरी गाजराच्या कोशिंबिरीवर जिऱ्याची फोडणी पडते, हलव्यात साजूक तूप असते. तो केवळ चवीचा भाग नव्हे. भाजून झाल्यावर चमचाभर तूप, जिरेपूड व सैंधव घातल्यास यंत्राची रूक्षता बरीच कमी होते. मात्र गाजरे काळपट होईपर्यंत भाजू नयेत, हेही रुग्णास बजावावे.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. संहितेतील 'गृंजनक' या द्रव्याचे गुण आजच्या नारिंगी गाजरास जसेच्या तसे लावण्याची प्रथा दिसते. गृंजनक म्हणजे नेमके काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते तो पलांडूचा प्रकार होय. शिवाय नारिंगी गाजराचा प्रसार सतराव्या शतकापासून हॉलंडमधून झाला. त्याचा विचार त्याच्या प्रत्यक्ष रस-गुणांवरूनच करावयास हवा.

औषधालयांच्या चालकांनाही आमची विनंती आहे. औषधासोबत दिल्या जाणाऱ्या पथ्यपत्रकात 'तेलकट वर्ज्य' एवढेच छापलेले असते. त्याचा अर्थ रुग्ण 'स्नेहमात्र वर्ज्य' असा घेतो. तेथे 'तळलेले वर्ज्य. तुपाचे प्रमाण वैद्यांस विचारावे' असे छापण्यास फारसा खर्च येणार नाही.

नवी उपकरणे स्वयंपाकघरात येतच राहणार. प्रत्येकाबाबत रुग्ण प्रथम आपल्यालाच विचारतो, हा त्याचा आपल्यावरील विश्वास आहे. त्या विश्वासास उत्तर द्यावयाचे, तर ते द्रव्य, संस्कार आणि रुग्ण हे तिन्ही पाहूनच द्यावे, असे आम्हांस वाटते.