रिकामा क्रेट परत जातो, पिशवी का नाही?

पहाटे पाचच्या सुमारास आमच्या नाक्यावरच्या डेअरीसमोर दुधाचा टेम्पो थांबतो. भरलेले क्रेट उतरतात, कालचे रिकामे चढतात. एखादा क्रेट कमी भरला तर त्याचे पैसे दुकानदाराच्या खात्यावर लागतात. पिशवी फुटून आली असेल तर दुकानदार ती बाजूला ठेवतो, टेम्पोवाल्याला दाखवतो आणि बदली घेतो. म्हणजे दूध कंपनीची गाडी रोज दुकानाच्या दारात येते, रोज जवळजवळ रिकामी परत जाते, आणि जिथे कंपनीचा पैसा अडकलेला आहे तिथे क्रेटचा नि फुटक्या पिशवीचाही हिशेब चोख ठेवते. ग्राहकाने रिकामी केलेली पिशवी तेवढी परत न्या म्हटले, की याच यंत्रणेला ते काम अशक्य वाटू लागते. मला हे साफ खोटे वाटते. ही चालढकल आहे, आणि २०१८पासून ती सरकारच्या डोळ्यांदेखत चालू आहे.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. दुधाच्या पिशव्या बंदीतून वगळल्या, पण अटीवर. पिशवी ५० मायक्रॉनहून जाड हवी, तिच्यावर परतीची किंमत ५० पैसे छापलेली हवी आणि ती परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकाने उभारायला हवी. २३ जूनपासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पालिकेची पथके बाजारात फिरली, फेरीवाल्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या हातात ५,००० रुपयांच्या दंडाच्या पावत्या पडल्या. दूध व्यावसायिकांनी मात्र परतीच्या अटीला विरोध केला आणि तो चालला. जून २०१९मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की, राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात, त्यांचे ३१ टन प्लास्टिक होते आणि महिनाभरात परतीची योजना सुरू होईल. तो महिना कधीच उलटला. पिशवी परत घेऊन ५० पैसे हातावर ठेवणारा एकही दुकानदार मला आजवर भेटलेला नाही.

ज्याच्या पाटीत दिवसाचा सगळा धंदा मावतो त्याला दंड, आणि ज्याचे टँकर रात्रभर महामार्गावर धावतात त्याला मुदतवाढ. या राज्यातल्या पर्यावरणरक्षणाचा हा खरा चेहरा आहे आणि मला त्याची चीड येते.

‘लोकांना सवय नाही’ हे कारण तर ऐकून घेऊ नका. आपल्या घरांतल्या बायकांनी वर्षानुवर्षे दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवल्या, गठ्ठा बांधला आणि रद्दीवाल्याला किलोवर विकल्या. मुंबईत आरेच्या काचेच्या बाटल्या होत्या तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. लोकांना सवय होतीच. कंपन्यांनी हलकी, स्वस्त पिशवी आणून ती सवय मोडली आणि रिकाम्या पिशवीचे काय करायचे, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या आणि कचरावेचक बाईच्या गळ्यात टाकला. पिशवी कापताना जो त्रिकोणी तुकडा पडतो, तो तर तिच्याही हाती लागत नाही. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा मोरीतून गटारात जातो. त्यासाठी ‘कोपरा पूर्ण कापू नका’ असा उपदेश ग्राहकाला केला जातो. परतीची किंमत द्या, अख्खी पिशवी परत येईल, कोपऱ्यासकट.

दुधाची पिशवी हे सगळ्यात सोपे प्रकरण आहे, म्हणून मी तिथे अडून बसलो आहे. ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, वितळवून तिचा दाणा करता येतो आणि भंगारात तिला भाव आहे. गोकुळचे दूध कोल्हापूरहून येते, पण त्यांचा पॅकिंगचा कारखाना वाशीला आहे; मुंबईतली पिशवी परत न्यायची तर कोल्हापूरला न्यावी लागत नाही. संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या दुधाचा फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) पॉइंटात मोजतात, पॉइंट घसरला की दर कापतात. इतका बारीक हिशेब करणाऱ्या धंद्याला पिशव्या मोजता येत नाहीत, हे मी मान्य करणार नाही.

दुकानदाराची अडचण मात्र खरी आहे. दहा बाय सहाच्या गाळ्यात आंबट वासाच्या पिशव्यांचे पोते ठेवायचे कुठे? माश्या होतात, गिऱ्हाईक तोंड फिरवते. म्हणून परतीचे काम त्याच्यावर फुकट लादू नये. दर पिशवीमागे त्याला कमिशन द्यावे आणि पोते रोजच्या रोज त्याच टेम्पोतून उचलावे. हा खर्च कंपनीने करायचा आहे. १ कोटी पिशव्यांवर ५० पैसे म्हणजे रोज ५० लाख रुपये अनामत फिरेल. पिशवी न आणणाऱ्याची अनामत जी शिल्लक राहील, त्यातूनही या खर्चाचा मोठा वाटा निघू शकतो.

दुधाला हे जमले तर बिस्किटे, वेफर्स, शाम्पूच्या पुड्यांच्या कंपन्यांची पाळी येईल, म्हणूनच पहिले पाऊल पडू दिले जात नाही, असे माझे मत आहे. त्या चकचकीत बहुपदरी वेष्टनाला भंगारवाला हातही लावत नाही. २०१६च्या केंद्रीय नियमांत, पुनर्चक्रण न होणारे बहुपदरी प्लास्टिक दोन वर्षांत बंद करा, असे स्पष्ट लिहिले होते. मुदत संपता संपता, मार्च २०१८मध्ये दुरुस्ती झाली आणि ज्यातून ऊर्जा काढता येते किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग होतो, ते त्यातून सुटले. सिमेंटच्या भट्टीत जाळायची सोय झाली, वेष्टन बदलायची गरज संपली. २०२२पासून उत्पादकांच्या प्लास्टिक गोळा करण्याच्या जबाबदारीला ठरावीक उद्दिष्टे आली, पण ती पुनर्चक्रण कंपन्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊन भागवता येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार पुनर्चक्रण कंपन्यांची सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. कागदावर प्लास्टिक गोळा झाले, नाल्यात ते तसेच आहे.

आणि हे जमवून दाखवणारे फार लांब नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाने बजावल्यावर तमिळनाडू सरकारने २०२२मध्ये निलगिरीत आपल्या दारूच्या दुकानांतून दर बाटलीवर १० रुपये अनामत घ्यायला सुरुवात केली आणि बहुतांश बाटल्या परत आल्या. गोव्याने २०२४मध्ये अनामत-परतीची योजना अधिसूचित केली. दारूची बाटली परत घेता येते, मग दुधाची पिशवी घ्यायला काय अडते?

नवा कायदा, समिती, जनजागृतीचा सप्ताह यांतले काहीच नको आहे. २०१८चीच अधिसूचना बाहेर काढा आणि दूध संघांना व खासगी डेअऱ्यांना एक तारीख द्या. त्या तारखेनंतर परतीची व्यवस्था नसलेली पिशवी विक्रीला आली तर दंड दुकानदाराला नव्हे, पिशवीवर ज्याचे नाव छापले आहे त्याला करा. आणि वाचकांनो, उद्या दूध घ्याल तेव्हा पिशवी उलटून पाहा. परतीची किंमत छापलेली असेल तर दुकानदाराकडे ती मागा. छापलेली नसेल, तर तिथेच छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा आणि विचारा, का नाही.