खाऱ्या पाण्यांतील माशांस कोणता उजेड द्यावा ?

शोभेसाठीं घरांत मासे पाळण्याची हौस आपल्या पनवेलींतही दिसून येते. गोड्या पाण्याच्या पेट्या ही तर नित्याची गोष्ट झाली. पण कांहीं हौशी मंडळी आतां समुद्राच्या खाऱ्या पाण्याची पेटीही मांडूं लागली आहेत. अशी पेटी मांडतांना पाण्यांत मीठ किती असावें, तें गाळावें कसें, याची चौकशी सर्वजण करितात. मात्र दिव्याचा रंग निवडण्याची वेळ आली, म्हणजे तें काम बहुधा घरांतील लहानग्यांच्या हट्टावर सोंपविलें जातें आणि बटण दाबतांच सात रंग पालटणारा दिवा घरीं येतो. हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आमची स्वतःची चूक आम्ही आधीं सांगतों. आम्हीं पेटी मांडली तेव्हां तिचा निळा उजेड आम्हांस इतका मोहक वाटला कीं, तो आम्हीं रात्रभर जळत ठेविला. थोड्याच दिवसांत मासे दगडांच्या फटींत दडून बसूं लागले, अन्नावर येईनासे झाले, आणि काचेवर शेवाळाचा थर चढला. दोष माशांचा नव्हता. त्यांची रात्रच आम्हीं हिरावून घेतली होती. दिवा सायंकाळीं मालविण्याचा नेम धरिल्यावर ते हळूहळू पूर्ववत् बाहेर फिरूं लागले.

समुद्रांत उजेड कसा असतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. सूर्यप्रकाशांत सर्व रंग असतात. परंतु पाणी तांबडा रंग सर्वांत आधीं शोषून घेतें. निर्मळ समुद्रांत सुमारें १० मीटर खालीं गेल्यास तांबड्याचा बहुतेक लोप होतो, आणि निळा मात्र फार खोलवर पोंचतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं विलायतेच्या प्रवासांत समुद्राच्या निळाईचें बोटीवरूनच निरीक्षण केलें, आणि ती केवळ आकाशाचें प्रतिबिंब नसून पाण्याचे कणच प्रकाश विखुरतात, असें प्रतिपादन केलें. आपल्या पनवेलच्या खाडीचें पाणी मात्र निळें दिसत नाहीं. गाळामुळें व सूक्ष्म वनस्पतींमुळें तें मातकट हिरवें दिसतें. तात्पर्य, समुद्राचा उजेड सर्वत्र एकच नसतो. जो प्राणी जेथला, त्यास तेथला उजेड मानवतो.

यावरून दिव्याची निवड कशी करावी, हें सहज ध्यानांत येईल. पेटींत नुसते मासे असतील, तर त्यांस फार प्रखर दिव्याची गरज नाहीं. मध्याह्नीच्या उन्हासारखा पांढरा व किंचित् निळसर असा सौम्य उजेड पुरे होतो. प्रवाळांची गोष्ट निराळी आहे. कित्येक प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वास करितें, आणि तें प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करून आपल्या यजमानास पोसतें. या शैवालास निळा प्रकाश विशेष उपयोगी पडतो, म्हणून प्रवाळांच्या पेटीवर पांढऱ्याच्या जोडीला निळे दिवे लावितात. त्या निळ्या प्रकाशांत कांहीं प्रवाळ हिरवे किंवा नारिंगी चमकतात, हा पाहणाऱ्यास मिळालेला वरचा लाभ होय. दिवा लावण्याचें मुख्य कारण तें नव्हे. तसेंच, निळा चांगला म्हणून निव्वळ निळाच उजेड असावा, असेंही नाहीं. उथळ पाण्यांतील प्रवाळांस पांढरा प्रकाशही भरपूर मिळत असतो.

येथें एक गोष्ट पालकांच्या कानांवर घालणें अवश्य आहे. समुद्रांतील खडक बांधणारे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. ते समुद्रांतून काढून आणणें हा गुन्हा आहे. सुंदर दिव्याखालीं ठेवण्यासाठीं कोणाच्या तरी समुद्राचें घर मोडूं नये, हें मुलांस पेटी आणण्यापूर्वींच शिकविलें पाहिजे.

कोणी म्हणेल, "पेटी आमची, पैसा आमचा, आमच्या डोळ्यांस रुचेल तो रंग आम्ही लावूं." मेज-खुर्चीच्या बाबतींत हा युक्तिवाद आम्ही मान्य करूं. परंतु पेटींतील जीवास आपल्या दिव्यापासून दूर जाण्यास वाट नाहीं. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. आपल्यापैकीं कित्येकांच्या वडील मंडळींनीं समुद्रांतील रंगीत मासे प्रथम तेथेंच काचेआड पाहिले असतील. नूतनीकरणानंतर २०१५ सालीं तें पुन्हा खुलें झालें, तेव्हां तेथें नवे एलईडी दिवेही आले. प्रेक्षक तेथें घटकाभर थांबून घरीं परतत असे. त्या उजेडांत राहावें लागे तें माशांस. घरच्या पेटीचीही गोष्ट हीच आहे.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, रंग पालटणारे दिवे टाळावे. पांढरा-निळसर उजेड दिवसास आठ ते दहा तास द्यावा. तो ठराविक वेळीं लागावा व मालवावा, आणि रात्रीं पूर्ण काळोख असूं द्यावा. उजेड फाजील झाला, तर शेवाळ माजतें, हेंही विसरूं नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, दिवा विकत घेण्यापूर्वीं एखाद्या सुटीच्या दिवशीं वडील माणसांसह उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं जा. खडकांच्या खळग्यांत सांचलेल्या पाण्यावर ऊन कसें पडतें, कोणता जीव उजेडांत येतो, कोणता सांवलींत दडतो, तें स्वस्थ बसून पाहा. उचलूं मात्र कांहींच नका. ज्यास आपण घरीं आणणार, त्याचें घर आधीं पाहून यावें, ही पाहुणचाराची पहिली रीत होय.